पत्रा : गरिबाचं छप्पर की शहाण्याचं?

अन्न, वस्त्र आणि निवारा! माणसाच्या या तीन मूलभूत गरजा आपण तिसरी-चौथीपासून पाठ करत आलोय. अन्नाबद्दल होस्टेलवर रोज चर्चा होते (मेसची भाजी हा तर आपला राष्ट्रीय विषय!). वस्त्राबद्दल गॅदरिंगच्या आधी महिनाभर होते. पण निवाऱ्याबद्दल, त्यातही डोक्यावरच्या छपराबद्दल आपण कधी बोलतो का? छप्पर आठवतं ते गळायला लागलं की मगच.

म्हणून हा लेख छपरावर. आणि तोही सगळ्यात कमी मान मिळालेल्या छपरावर, म्हणजे पत्र्यावर.

कॉन्व्हेंटमध्ये ड्रॉइंगच्या तासाला 'माय हाऊस' काढायला सांगितलं की आमचा अख्खा वर्ग एकच घर काढायचा. लाल त्रिकोणी छप्पर, त्यावर धुराडं आणि बाजूला सफरचंदाचं झाड! वर्गातली काही मुलं रोज पत्र्याच्या घरातून शाळेत यायची, पण पत्र्याचं घर त्यांनीसुद्धा कधी काढलं नाही. ही लाज पुढेही सुटत नाही. लग्नाच्या बोलणीत विचारतात, "घर स्लॅबचं आहे की पत्र्याचं?" स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा आणि पत्रा म्हणजे "सध्यापुरतं, पुढे बघू". या प्रतिष्ठेपायी कितीतरी घरांत कर्ज काढून स्लॅब पडतो आणि मग प्लॅस्टरला पैसे उरत नाहीत.

मित्रांनो, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी येत्या काही वर्षांत घराचं काम निघणार आहे. तेव्हा घरचे आपल्याकडेच वळून म्हणणार, "तू इंजिनिअरिंग शिकतोस ना, मग सांग काय टाकायचं?" त्या वेळी "सर, हे आमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं" असं म्हणता येणार नाही! माझं म्हणणं थोडक्यात असं : पत्र्याबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत, पण त्यातल्या बहुतेक पत्र्याच्या नसून तो कसा निवडला आणि कसा बसवला याच्या आहेत. कसं ते बघू.

पन्हळीची जादू

सुरुवात इतिहासापासून. १८२९ साली लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरने लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडण्याचं पेटंट घेतलं. आपण ज्याला पन्हळी पत्रा म्हणतो, त्याचा जन्म हा. पुढे १८३७ साली फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेल याने लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं. या दोन कल्पना एकत्र आल्या आणि पत्रा जगभर पोहोचला.

पन्हळीने नक्की काय होतं? एक प्रयोग करा. जर्नलचा एक कोरा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा. तो लगेच मधून वाकेल. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून ठेवा. त्यावर पेनसुद्धा राहील! कागद तोच, वजन तेच, फक्त आकार बदलला.

सेकंड इयरला आपण मोमेंट ऑफ इनर्शिया शिकतो. अर्धा मिलीमीटर जाडीच्या सपाट पत्र्याचा एक मीटर रुंदीचा इनर्शिया येतो सुमारे १० मिमी⁴. त्याच पत्र्याला साडेसतरा मिलीमीटर खोलीच्या पन्हळी पाडल्या की तो जातो १९ हजारांच्या वर. म्हणजे जवळजवळ १८०० पट! एक रुपयाचंही जास्तीचं लोखंड न घालता. परीक्षेत ज्या फॉर्म्युल्याचा आपण तिरस्कार करतो, तो असा लाखो लोकांच्या डोक्यावर उभा आहे.

वजनाचं गणित

पत्र्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो हलका आहे. एक चौरस मीटर छपराचं वजन अंदाजे बघा :

पन्हळी पत्रा (अर्धा मिमी) : ५ किलोच्या आत
मंगलोरी कौलं, रिपांसह : साधारण ६० किलो
पाच इंची आर.सी.सी. स्लॅब : सुमारे ३०० किलो
मातीचं माळवद (दीड फूट माती) : ७०० किलोच्या वर

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. दहा बाय बाराच्या खोलीवर असं माळवद असेल तर डोक्यावर सात-आठ टन माती असते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. तिथली घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. भिंती फुटल्या आणि वरचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

इथे न्यूटनचा दुसरा नियम आठवा. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. भूकंपात जमिनीचं त्वरण आपल्या हातात नाही, पण डोक्यावरचं वस्तुमान नक्की आपल्या हातात आहे. छप्पर जितकं जड, तितका भिंतींवर आडवा धक्का मोठा. छप्पर हलकं केल्याने कच्ची भिंत पक्की होत नाही, हे खरं. पण ती पडलीच तर वरून सात टन येणार की शंभर-दीडशे किलो पत्रे-पाईप येणार, यात जीवन-मरणाचा फरक आहे.

माळवद बांधणारे लोक अडाणी नव्हते बरं का. मे महिन्यात माळवदाखाली जो गारवा असतो तो दुसरीकडे मिळत नाही. म्हणजे प्रत्येक छपराची काही किंमत असते. पत्र्याचीही आहे. त्याकडे आता वळू.

तक्रार पहिली : "गंजतो हो!"

लोखंड गंजणारच. म्हणून त्यावर जस्त. पण जस्त म्हणजे नुसता रंगासारखा थर नाही. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील असल्यामुळे पत्र्यावर ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. घरातल्या मोठ्या भावासारखं, मार आधी आपल्या अंगावर घेतं!

पण जस्त संपलं की खेळ संपला. म्हणून दुकानात "पत्रा केवढ्याला?" एवढंच विचारून चालत नाही, "जस्त किती?" हेही विचारायला हवं. थराचं माप दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला किती ग्रॅम असं असतं. १२० ग्रॅमचा पत्रा असतो आणि २७५ ग्रॅमचाही असतो. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत! १२० ग्रॅम म्हणजे एका बाजूला साडेआठ मायक्रॉनसुद्धा नाही, २७५ म्हणजे एकोणीस. खाऱ्या हवेत वर्षाला दोन ते चार मायक्रॉन जस्त सहज झिजतं. आता भागाकार तुम्हीच करा. समुद्रकाठी स्वस्त पत्रा दोन-चार वर्षांत तांबडा का पडतो, याचं उत्तर त्या भागाकारात आहे.

१९७२ पासून आणखी एक प्रकार बाजारात आला. बेथलेहेम स्टील या अमेरिकन कंपनीने सुमारे ५५ टक्के अॅल्युमिनियम, बाकी जस्त आणि थोडं सिलिकॉन असा थर काढला. त्यालाच गॅल्व्हल्यूम म्हणतात. तो साध्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो. हल्लीच्या रंगीत पत्र्यांत पुष्कळदा आत हाच असतो. मात्र गोठ्यावर तो घालू नये. शेण-मुताचा अमोनिया त्याला खातो. तसंच भिंतीजवळची फट बुजवायला गवंडी थेट पत्र्यावर सिमेंट थापतो, तेही नको. ओल्या सिमेंटचा अल्क जस्त आणि अॅल्युमिनियम दोघांनाही खातो. तिथे वाकवलेली पट्टी आणि सीलंट हवं. आणि काम झाल्यावर ड्रिलचा कीस त्याच दिवशी झाडून काढायला सांगा. तो कीस रात्रीच्या दवात गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके सोडतो.

तक्रार दुसरी : "भट्टी होते भट्टी!"

हे मात्र शंभर टक्के खरं. चंद्रपूर-नागपूरच्या मित्रांना हे मी सांगायला नको. उघडा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. चकचकीत धातू ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण आत शिरलेली उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकायला तो आळशी असतो. म्हणून तो तापतच जातो.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही आपल्या खिशाला झेपतील असे. पहिला म्हणजे पांढरा रंग. चांगला पांढरा उष्णतारोधक रंग ऊनही परतवतो आणि उष्णताही बाहेर टाकतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी चक्क 'कूल रूफ' धोरण आणलं. दुसरा म्हणजे पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून सीलिंग. त्या पोकळीतली गरम हवा बाहेर जायला वर आढ्याजवळ झरोका ठेवायचा, नाहीतर पोकळीच भट्टी होते. तिसरा म्हणजे पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर किंवा तयार पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं सँडविच. यातलं सीलिंग आणि इन्सुलेशन पावसाचा आवाजही कमी करतात. पत्र्याखाली पावसात फोनवर बोलण्याचा प्रयत्न ज्याने केलाय, त्याला याची किंमत कळेल.

आणि एक गोष्ट पत्र्याच्या बाजूची. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आपल्यावर ओततो. म्हणूनच उन्हाळ्यात स्लॅबच्या घरातली माणसं गच्चीवर झोपतात. पत्रा लवकर तापतो तसा लवकर निवतोही. संध्याकाळी पत्र्याच्या घरात 'टण्, टण्' असा आवाज येतो ना? ते भूत नाही, ते थर्मल एक्स्पान्शन! सहा मीटर लांबीचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ तीन मिलीमीटर लांब-आखूड होतो.

तक्रार तिसरी : "वादळात उडतो"

या तक्रारीसाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत होते. माझ्या मामाचं घर श्रीवर्धन तालुक्यात आहे. माकडं कौलं फोडतात आणि दरवर्षी शाकारणीला माणूस मिळत नाही, म्हणून त्याने कौलं उतरवून पत्रा घातला होता. तिकडे बऱ्याच जणांनी हेच केलंय. पत्र्यावर वाऱ्यासाठी म्हणून चिरे ठेवले होते. त्या दुपारी पुढच्या पडवीचे पत्रे गेले आणि चिरे खाली आले. घरातले सगळे मागच्या खोलीत होते म्हणून बरं.

आता हिशोब बघा. वाऱ्याचा दाब काढायला आपल्या आय.एस. ८७५ कोडमध्ये सूत्र आहे : दाब = ०.६ × वेगाचा वर्ग. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दाब येतो सुमारे ६७० न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ६८ किलो. दहा फूट बाय तीन फुटांच्या एका पत्र्याला ही ओढ साधारण १९० किलोची होते. वळचणीला आणि कोपऱ्यांत तर त्याहून जास्त, कारण वारा छपरावरून वळताना तिथे जोरात उचलतो आणि उघड्या पडवीत खालूनही ढकलतो. पत्र्याचं स्वतःचं वजन? तेरा-चौदा किलो.

म्हणजे १९० किलोच्या ओढीसमोर आपण दहा-दहा किलोचे दोन-चार दगड ठेवतो! दगड पत्रा थांबवत नाही. पत्रा उचलला की दगड निसटतो आणि खाली कोण उभं आहे ते बघत नाही. गावोगाव पत्र्यांवर दगड, टायर, जुनी लाकडं दिसतात. ती उपाय नाहीत, तो टांगलेला धोका आहे.

खरा उपाय म्हणजे साखळी. पत्रा आडव्या पाईपला, पाईप कैचीला, कैची भिंतीला आणि भिंत पायाला. यातली प्रत्येक कडी घट्ट हवी, कारण साखळी तुटते ती सगळ्यात कमजोर कडीतच. पुष्कळदा पत्रा पाईपला नीट धरलेला असतो, पण पाईप किंवा कैची भिंतीवर नुसती टेकवलेली असते. मग अख्खं छप्परच उचललं जातं.

मामाने पुढे त्याच जागी पुन्हा पत्राच घातला, पण या वेळी कैच्या भिंतीच्या पट्ट्यात बोल्टने बांधल्या, रबरी वायसरचे स्क्रू लावले, वळचणीला आणि कडांना ते दुप्पट घेतले आणि पडवीचा बाहेर आलेला भाग कमी केला. चिरे एकही नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा तेच छप्पर जागेवर राहिलं. दोन्ही वादळं सारखी नव्हती, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष मी काढणार नाही. पण मामी आता पाऊस सुरू झाला की वर बघत बसत नाही, एवढं नक्की.

आणखी एक गोष्ट, विजेची. पत्रा आकाशातली वीज "ओढून घेतो" हा गैरसमज आहे. वीज कुठे पडेल हे घराची उंची आणि जागा यांवर जास्त अवलंबून असतं. खरा धोका घरातल्या विजेचा. सोललेली वायर पत्र्याला किंवा पाईपला टेकली की अख्खं घर 'लाईव्ह' होतं आणि पावसाळ्यात हात लावणाऱ्याचा जीव जातो. म्हणून वायरिंग पाईपमधून घ्या, लोखंडी सांगाड्याला अर्थिंग करा आणि मीटरजवळ ई.एल.सी.बी. बसवा. हा खर्च टाळू नका.

पाणी, भंगार आणि बाकीचे फायदे

एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साठ चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाला ७०० मिलीमीटर पाऊस धरा. थोडं वाया गेलं तरी ३५ हजार लिटर पाणी वळचणीला येतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे अशा चौदा-पंधरा घरांच्या छपरांवरून वर्षभरात तेवढंच पाणी वाहून जातं! पत्रा पाणी पीत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळं हाती लागतं. फक्त पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यायचं.

याशिवाय पत्रा पेट घेत नाही, त्याला वाळवी लागत नाही, काम आठवड्याभरात उरकतं. जुन्या भिंतींवर जिथे स्लॅबचं ओझं पेलणार नाही, तिथे तो चालतो. आणि आयुष्य संपल्यावर भंगारवाला त्याचे पैसे देतो. फुटक्या कौलाचे कुणी देतं का? सिमेंटच्या जुन्या पत्र्यांबद्दल मात्र सावध राहा. त्यात अॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाचा कॅन्सर करते. ते कापू नका, फोडू नका.

स्लॅब कधी? वर मजला चढवायचा असेल, वाळवणाला गच्ची हवी असेल आणि पाया-कॉलम त्यासाठी केलेले असतील, तर स्लॅबच. उगीच पत्र्याचा हट्ट नको.

घरी सांगायच्या सहा गोष्टी

१. जाडी मिलीमीटरमध्ये विचारा. गेजचा आकडा मोठा म्हणजे पत्रा पातळ! आणि रंग धरून जाडी सांगतात की लोखंडाची, हेही विचारा.
२. थर किती ग्रॅमचा ते बिलावर लिहून घ्या.
३. छपराला उतार बऱ्यापैकी ठेवा. वादळी भागात वीस ते तीस अंश चांगले.
४. पन्हळी पत्र्याला स्क्रू किंवा हुक पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वायसरसह. खोलगट भागात भोक पाडलं की गळती ठरलेली.
५. कैची भिंतीला कशी बांधणार, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा.
६. दगड उतरवा. आजच.

यातली सहावी गोष्ट करायला ना कर्ज लागतं ना इंजिनिअर. येत्या सुट्टीत घरी गेलात की एकदा शिडी लावून वर बघा. पत्र्यावर पाय देऊ नका, शिडीवरूनच बघा. किती स्क्रू सैल आहेत, कुठे तांबडं पडलंय, कैची कशावर टेकली आहे. लाज पत्र्याची वाटायला नको मित्रांनो, सैल स्क्रूची वाटली पाहिजे. एक पाना आणि पाव किलो वायसर घेऊन जा. आईने पाठवलेल्या लाडवांचा डबा परत नेताना त्यात सहज मावतील!